अंगठ्याची जागा

खोकं परत आलं रविवारी सकाळी, आणि आज जेवणं झाल्यावर कुणी लवंडणार नाही हे घरातल्या सगळ्यांना न सांगता कळलं.

वरच्या खोलीतल्या लांब टेबलावर उस्तादांनी छत्तीस कात्र्या ओळीने मांडल्या. खाली भट्टी, वर घर, अशी ही इमारत त्यांच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी उभी केली होती. तिथली प्रत्येक कात्री उस्तादांच्या हाताखालून गेल्याशिवाय जिना उतरत नसे. त्यांनी एकेक पातं खिडकीकडे धरून पाहिलं. कुठे खोट नाही, गंज नाही, धारेला केसाएवढाही दाता नाही. सोबत कापड-कारखान्याच्या मुकादमीणबाईंची चिठ्ठी होती.

'धारेबद्दल तक्रार नाही. हात दुखतात. कापणाऱ्या बायका म्हणतात, बाजारातली पातळ कात्री बरी. पंधरा दिवसांत दुसरं काही दाखवायचं असेल तर दाखवा.'

उस्तादांनी ती तीनदा वाचली आणि पुन्हा पहिल्यासारखी घडी घातली.

"वाचून अक्षरं बदलणार आहेत का?" त्यांच्या बायकोने चहाचे कप ठेवता ठेवता विचारलं.

"धारेबद्दल तक्रार नाही म्हणे. मग कात्रीला धारेखेरीज असतं काय?"

धाकटा भाऊ खुर्ची ओढून बसला. दुकान तो सांभाळायचा. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरची आठी त्याला दुरून दिसायची. त्याच्या शेजारी उस्तादांचा मुलगा बसला, तिथेच उस्तादांच्या लक्षात आलं की काहीतरी शिजतंय. गेल्या वर्षी दुकानाच्या पाटीवर कुणाचं नाव आधी यावं यावरून हे काका-पुतणे चार महिने एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. आज एकाच बशीतली बिस्किटं खात होते.

"दादा," धाकट्याने पिशवीतून एक निळी कात्री काढली, "चिडू नकोस, आधी बघ. पाती आपलीच. मुठी तेवढ्या प्लास्टिकच्या, वर रबराचा थर. मुठी बाहेरून तयार येतात, आपण फक्त बसवायच्या."

"आणि मुठीच्या कड्या ठोकणारा हा हात? तो खिशात घालू?"

"तुम्हाला आराम मिळेल, बाबा," मुलगा म्हणाला.

"आराम मला मेल्यावर मिळणारच आहे. त्यासाठी प्लास्टिक कशाला?" उस्तादांनी ती निळी कात्री दोन बोटांनी बाजूला सरकवली, मेलेली पाल सरकवावी तशी. "हात म्हणजे सवयीचा गुलाम. आठ दिवस दुखतो, मग घट्टे पडतात, मग चालतो. आबांचा साचा साठ वर्षं चाललाय. आत्ताच सगळ्यांचे हात मेणाचे झाले?"

"घट्टे पडले की दुखायचं थांबतं, असं कोण म्हणालं?"

हे बायको म्हणाली. कारखान्याच्या बोलण्यात ती एरवी कधी पडत नसे. चहा ठेवायची आणि जायची. आज ट्रे छातीशी धरून तशीच उभी होती, आणि पाहत होती ती नवऱ्याकडे नाही, टेबलाच्या टोकाला बसलेल्या नणंदेकडे.

"वहिनी, राहू दे," नणंद म्हणाली.

तिला घरात सगळेच आत्या म्हणत, सख्खे भाऊसुद्धा. उस्तादांहून पाच वर्षांनी लहान, धाकट्याहून मोठी. नवरा गेल्यावर ती माहेरी आली आणि दुसऱ्याच महिन्यात त्याच कापड-कारखान्यात कापायच्या टेबलावर उभी राहिली. एकतीस वर्षं उभी राहिली. हातात कायम भावाची कात्री. उस्ताद नव्या गिऱ्हाइकाला अभिमानाने सांगत, माझी बहीण आमच्याच कात्रीने कापते.

"राहू कसं दे? किती वर्षं राहू द्यायचं?" बायको म्हणाली. "बारा वर्षं झाली, मी हिच्या अंगठ्याला रोज शेक देते. सकाळी हिला वेणी घालता येत नाही, मी घालते. चहाचा कप ही दोन हातांनी धरते, ते काय थंडी वाजते म्हणून? 'दादाला सांगू नकोस' म्हणाली, म्हणून इतकी वर्षं तोंडाला कुलूप लावून बसले."

उस्तादांनी बहिणीकडे पाहिलं. आत्याने उजवा हात उचलून कात्र्यांच्या ओळीशेजारी टेबलावर ठेवला. जणू तपासायला आलेला सदतिसावा नग.

जन्मल्यापासून पाहिलेला हात. अंगठ्याच्या मुळाशी हाड पायरीसारखं बाहेर आलं होतं, आणि अंगठा तळहाताकडे कलला होता. पेरावर एक चकचकीत, काळसर, डाळीएवढा डाग होता. ती जागा कुठली हे उस्तादांना कुणी सांगायची गरज नव्हती. कडीची आतली कड तिथेच बसते.

"तू मला कधी बोलली नाहीस," ते म्हणाले.

"तू कधी विचारलंस?" आत्याचा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "दर सहा महिन्यांनी कात्री न्यायचास, धार लावून आणायचास, आणि विचारायचास, 'धार कशी आहे?' धार चांगलीच असायची रे दादा. लोण्यातून जावी तशी जायची. मग मी काय सांगणार?"

"आणि तू कडीला चिंध्या गुंडाळायचीस..."

"तुला काय वाटलं?"

"मला वाटलं, ओळखू यावी म्हणून. सगळ्यांच्या सारख्याच असतात ना."

"तीस जणी तीस चिंध्या बांधतात, दादा. एवढी ओळख कुणाला हवी असते?"

धाकट्याला हसू आलं, पण त्याने ते गिळलं. मग संधी साधून निळी कात्री पुन्हा पुढे सरकवली. "मग माझंच म्हणणं खरं ठरलं. आत्या, ही धरून बघ."

आत्याने धरली. दोनदा उघडझाप केली. बायकोने ट्रेवरचं फडकं दिलं, ते वीतभर कापलं. मग कात्री खाली ठेवून अंगठा चोळला.

"मऊ आहे. पण जागा तीच. दगडावर गादी टाकली म्हणून दगडाचा पलंग होत नाही."

धाकट्याचा चेहरा उतरला. मुलगा हळूच खुर्चीसकट इंचभर काकापासून सरकला. उस्तादांना एरवी याची गंमत वाटली असती. आज त्यांची नजर त्या डाळीएवढ्या डागावरून हलत नव्हती.

सूनबाई आतापर्यंत खिडकीत उभी होती. दातांच्या दवाखान्यांना ती कवळ्या बनवून द्यायची. तिच्या कामाची खोली जिन्याखाली होती, आणि तिथल्या दातांच्या रांगा पाहून पोस्टमन अजून आत पाऊल टाकत नसे. तिने टेबलावरची एक कात्री उचलली आणि कडीतून बोट फिरवलं.

"बाबा, एक विचारू? कडी गोल का असते?"

"तू यात नको पडू," मुलगा म्हणाला.

"मी विचारतेय फक्त. तोंडाचं माप घेतल्याशिवाय मी कवळी बनवली तर म्हातारी माणसं माझ्या अंगावर फेकतील. एका तोंडाची दुसऱ्याला चालत नाही. हात तर मला कुठेच गोल दिसत नाही. अंगठा चपटा असतो, बोटं तिरकी. मग कडी गोल का?"

उस्तादांनी उत्तरासाठी तोंड उघडलं. 'आबांनी ठरवलं म्हणून' हे वाक्य ओठांवर तयार होतं. पन्नास वर्षं ते तयारच होतं. पण ते बाहेर पडायच्या आत त्यांना एक दुपार आठवली. ते सात-आठ वर्षांचे, आबांच्या सायकलवर पुढच्या दांडीला बसलेले. भंगारवाल्याकडून एक लोखंडी गज आणायचा होता. तापलेली सळई त्याच्याभोवती वळवली की कडी तयार. आबांनी पाच-सहा गज उचलून पाहिले, आणि जो सगळ्यांत सरळ होता तो घेतला.

"गज गोल होता," उस्ताद म्हणाले.

"काय?"

"भंगारात जो गज मिळाला तो गोल होता. नळाच्या पाइपाचा तुकडा. मी होतो बरोबर. म्हणून कडी गोल. दुसरं काही कारण नाही."

पहिल्यांदा धाकटा हसला, त्याला आवरलंच नाही. मग बायको, मग आत्या. साठ वर्षं ज्या साच्यावर कुणाला बोट ठेवू दिलं नव्हतं, तो नळाच्या पाइपाने ठरवला होता. उस्ताद हसले सगळ्यांत शेवटी, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. ते कशासाठी पुसले हे कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते चपला घालून कापड-कारखान्यात गेले. इतकी वर्षं माल पाठवला होता, पण कापायच्या खोलीत पाऊल टाकायची ही पहिलीच वेळ. मुकादमीणबाईंनी त्यांना भिंतीशी एक स्टूल दिलं. "भांडायला आला असाल तर चहा आधी घ्या," त्या म्हणाल्या.

"बघायला आलोय."

पहिला तासभर त्यांनी सवयीने पातीच पाहिली. मग मान वळवून हात पाहायला लागले, आणि दुपारची घंटा झालेली त्यांना कळली नाही.

अंगठा वर-खाली होतो असं ते आयुष्यभर समजत होते. तसं होतच नव्हतं. अंगठा कमानीत फिरत होता, मुळापासून, दार बिजागरीवर फिरावं तसा, आणि फिरता फिरता स्वतःशीच किंचित वळत होता. चार बोटं एकत्र ओढत होती, पण सारखी नाही. मधलं बोट सगळ्यांत जास्त, करंगळी जेमतेम सोबतीला. मनगट कापडाला टेकू नये म्हणून प्रत्येक बाईने कोपर उचललं होतं. कोपर उचललं म्हणून खांदा उचलला होता, आणि खांदा उचलला म्हणून मान वाकडी होती. तीस बाया, तीस वाकड्या माना. आणि हे सगळं कशामुळे, तर मुठी पात्याच्या रेषेत सरळ होत्या म्हणून. त्या अंगठाभर वर उचललेल्या असत्या तर खालचं पातं टेबलावर आपोआप निजलं असतं.

एक हात. त्यात इतकी हाडं, इतके दोर, आणि सगळे एकमेकांना विचारून हलत होते. उस्तादांनी तापलेल्या पोलादाचा रंग ओळखायला सात वर्षं घेतली होती. पिकल्या गवताचा पिवळा आणि जांभळ्याच्या अलीकडचा पिवळा, यांतला फरक ते झोपेत सांगत. आणि हे यंत्र त्यांच्या स्वतःच्या मनगटाला जन्मापासून लटकलेलं होतं. ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. स्टुलावर बसल्या बसल्या ते आपला अंगठा उघडमीट करत राहिले. शेजारच्या टेबलावरची पोरगी मैत्रिणीला म्हणाली, "उस्तादांना मुंग्या आल्यात वाटतं."

"नाही गं," ते म्हणाले. "आत्ता जाग येतेय."

मग पुढचे दहा दिवस जिन्याखालच्या खोलीत सासरा आणि सून. तिथे आधी उस्ताद कधी बसले नव्हते. सूनबाई तिच्या कामातलं गुलाबी मेण कोमट करून जुन्या कात्रीच्या मुठींवर थापायची आणि आत्याला म्हणायची, "धरा, आणि कापा." आत्या कापायची. मेण थंड झालं की त्यात हाताचं सगळं बोलणं उमटलेलं असायचं. कुठे जोर, कुठे फक्त टेका, कुठे काहीच नाही. उस्ताद तो मेणाचा तुकडा खिडकीशी धरत, पूर्वी पातं धरत तसा.

"इथे बघ," ते सुनेला म्हणाले. "सगळा भार या एका टिकलीवर येतो. ही टिकली पसरली पाहिजे. भाकरी थापतात तशी, कडेपर्यंत."

"मग कड रुंद करा, आणि आतून गोलवा."

"गोलवतो. पण अंगठा वळतो, कडी वळत नाही. कडीलाच पीळ द्यावा लागेल."

"लोखंडाला जमेल?"

"लोखंडाला सगळं जमतं. मलाच सांगता आलं पाहिजे."

पहिली जोडी फसली. मुठी इतक्या रुंद झाल्या की आत्या म्हणाली, हात सुखात आणि कापड दुःखात. दुसरीत अंगठा आत जायचा, पण बाहेर येताना साबण लावायची वेळ आली. तेव्हा उस्तादांनी हातोडा आपटला आणि म्हणाले, "तुला काही पसंतच पडत नाही." आत्या शांतपणे म्हणाली, "एकतीस वर्षं पसंत करून घेतलंच की. आता थोडे नखरे करते." ते खाली मान घालून भट्टीकडे गेले.

तिसऱ्या जोडीचं काम सुरू झालं तेव्हा मुलगा कुणी न बोलावता खाली आला. त्याने मेणाच्या तुकड्यांची मापं कागदावर उतरवली, तीन आकार काढले: लहान हात, मधला, मोठा. उस्तादांनी कागद पाहिला. "तीन साचे? आबांचा एक होता."

"आबांना एकच पाइप मिळाला होता," मुलगा म्हणाला.

उस्तादांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, जरा जोरातच.

चौदाव्या दिवशी दुपारी सगळे पुन्हा वरच्या खोलीत जमले. धाकट्याने दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं होतं, आणि ते कधी होत नसे. मुकादमीणबाई आल्या, हाताची घडी घालून दाराशी उभ्या राहिल्या. टेबलावर जाड कापडाचा चार पदरी तागा पसरला होता, त्यावर खडूची लांब रेघ. नवी कात्री त्यावर ठेवलेली. मुठी उचललेल्या, अंगठ्याची कडी पानासारखी तिरकी, किंचित पिळलेली. दिसायला ती चमत्कारिकच होती. लग्नाच्या फोटोत एखाद्याने डोळे मिटलेले असावेत तशी.

आत्याने ती उचलली. अंगठा आत गेला आणि आपल्या जागी बसला. कुठे बसू, असं त्याने विचारलं नाही.

पहिला काप पडला. खालचं पातं टेबलावर निजूनच सरकलं. आत्याचं कोपर सवयीने वर उचललं गेलं, मग तिच्याच लक्षात आलं की गरज नाही, आणि ते हळूहळू खाली आलं. कोपरामागून खांदा उतरला. मग मान सरळ झाली. उस्तादांनी हे तिन्ही एकामागून एक होताना पाहिलं. इतक्या वर्षांत बहिणीची मान सरळ असते कशी, हे ते विसरूनच गेले होते. ती उंच होती. लहानपणी वर्गात ती मागच्या बाकावर बसायची, उंच म्हणून.

रेघ संपली. आत्या थांबली नाही, तागा होता तिथपर्यंत कापत गेली. टोकाशी पोचल्यावर तिने मान वर केली.

"आणखी कापड आहे?"

मग बायको आत गेली आणि एक जुनी चादर घेऊन आली. ती संपली. धाकट्याने खिडकीचा पडदा ओढला, म्हणाला, असाही विटलाच होता. तोही संपला. आत्या गुणगुणत होती, सूर धड नव्हता, पण गुणगुणत होती. टेबलाखाली लांबच लांब पट्ट्यांचा ढीग वाढत गेला. मुकादमीणबाईंनी हाताची घडी सोडली. दार सोडून त्या टेबलापाशी आल्या आणि वाकून, अगदी जवळून, तो हात पाहायला लागल्या. त्यांचा स्वतःचा अंगठाही बाहेर आलेला होता, हे उस्तादांना तेव्हा दिसलं.

"लहान हातांच्या आधी पाठवा," त्या हळूच म्हणाल्या. "लहान हातांना जास्त त्रास आहे."

"पाठवतो," मुलगा म्हणाला, आणि त्याच्या काकाने लगेच मान डोलावली.

सूनबाई एका खुर्चीत बसली होती, हातातला मेणाचा गोळा न कळत दाबत. सासऱ्याने तिच्याकडे पाहून फक्त डोळे मिटले आणि उघडले. यापेक्षा मोठी शाबासकी त्या घरात आजवर कुणाला मिळाली नव्हती.

आत्याने कात्री खाली ठेवली नाही. ती मुठीकडून भावापुढे धरली.

"आता तू काप."

"मी?"

"तू कधी कापड कापलंयस, दादा? ओला दोरा कापतोस, कागद कापतोस, धार बघायला. कापड?"

उस्तादांनी आठवून पाहिलं. पासष्ट वर्षांच्या आयुष्यात, दहा हजार कात्र्यांनंतर, त्यांनी हातभर कापडसुद्धा कापलं नव्हतं. त्यांनी कात्री घेतली. पडद्याचा उरलेला तुकडा बायकोने समोर पसरला, आणि त्यांच्या अंगठ्याने जागा शोधली. ती त्यांच्या हाताची नव्हती, बहिणीच्या हाताची होती, तरी कुठे टोचलं नाही. पहिला काप वाकडा पडला. दुसरा त्याहून वाकडा.

आत्या मागे येऊन उभी राहिली. आपला तो कललेला अंगठा तिने त्यांच्या मनगटावर ठेवला.

"कोपर खाली टाक. ओढू नकोस, नुसता सोबत जा."

"वाकडं जातंय गं."

"जाऊ दे. पात्याकडे बघू नकोस, पुढे बघ."

उस्ताद पुढे बघून कापत राहिले.